देखणा पाव

विलायती चहाबरोबर येणारा स्कोन दिसायला तसा ओबडधोबडच. पाव म्हणावा तर लुसलुशीत नाही, बिस्कीट म्हणावं तर कुरकुरीत नाही. हाताने आडवा फोडायचा आणि आतल्या भुसभुशीत भागावर जॅम आणि जाड साय थापायची. नावाचा अर्थ मात्र बघा: देखणा!

हा शब्द लिखाणात प्रथम सापडतो तो १५१३ मध्ये, स्कॉटलंडात. गॅव्हिन डग्लस याने व्हर्जिलचं ‘इनीड’ हे लॅटिन महाकाव्य स्कॉट्स भाषेत आणलं. त्यात इटलीला पोचलेले ट्रॉयचे वीर गवतावर जेवायला बसतात आणि त्यांच्यापुढे चक्क स्कोन येतात. तेव्हाचा स्कोन भाकरीसारखा चपटा असे. ओट किंवा जवाच्या पिठाचा, तव्यावर भाजलेला आणि चतकोर करून खायचा. तो फुगायला लागला एकोणिसाव्या शतकात, खाण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर स्वयंपाकघरात आल्यावर.

पण शब्द स्कॉटलंडचा नसावा. बहुतेक अभ्यासक बोट दाखवतात जुन्या डच ‘स्खोनब्रोट’कडे, म्हणजे उजळ, पांढऱ्या पिठाच्या पावाकडे. ‘स्खोन’ म्हणजे स्वच्छ, सुंदर. जर्मन ‘शोन’ त्याचाच भाऊ.

पुरावा दडलाय पहिल्याच अक्षरात. जुन्या इंग्रजीतल्या ‘स्क’चा कालांतराने ‘श’ झाला. म्हणून ‘शर्ट’ हा घरचा शब्द, तर ‘स्कर्ट’ नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, लोकांकडून आलेला. मूळ दोघांचं एकच. ‘स्खोन’चा इंग्रजीतला घरचा भाऊ आहे ‘शीन’, म्हणजे झळाळी. ‘स्कोन’मध्ये ‘स्क’ शाबूत आहे, म्हणजे पाहुणा उशिरा आलेला.

आणखी मागे गेलं की गंमत वाढते. या साऱ्यांचा मूळ धातू ‘पाहणे, जाणणे’ अशा अर्थाचा. पाहण्याजोगा तो सुंदर. मराठीनेही ‘देखणे’वरून ‘देखणा’ असाच केला की! त्याच आदिधातूपासून संस्कृतात ‘कवि’ आला, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. मूळ अर्थ द्रष्टा.

पर्थजवळच्या स्कोन गावाचा, जिथल्या दगडावर स्कॉटलंडच्या राजांचा राज्याभिषेक होई, या खाद्याशी संबंध जोडण्याचा मोह अनेकांना होतो. पण गावाचा उच्चार ‘स्कून’ आहे. खाण्याच्या पदार्थाला स्कॉटिश माणूस ‘स्कॉन’ म्हणतो, आणि ‘स्कोन’ म्हणणाऱ्याकडे जरा रोखूनच बघतो.