तरतूद आणि खर्च : शाळेच्या पैशाचे दोन वेगळे आकडे

दर मार्चमध्ये महाराष्ट्राचा अर्थसंकल्प मांडला जातो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत विभागवार चौकटी छापून येतात. शालेय शिक्षणाला इतके हजार कोटी. आकडा बहुतेक वेळा गेल्या वर्षीपेक्षा मोठा असतो. सत्ताधारी सांगतात, शिक्षणावरचा खर्च वाढवला. विरोधक सांगतात, पुरेसा वाढवला नाही. चौकटीतला आकडा मात्र खर्चाचा नसतोच, तो तरतुदीचा असतो. हे दोन आकडे एकच समजले गेले की सरकारी शाळांवर चाललेली कात्री दिसेनाशी होते, आणि माझ्या मते ती दिसत नाही म्हणूनच इतकी वर्षं चालू शकते.

तरतूद म्हणजे विधिमंडळाने सरकारला दिलेली परवानगी. अमुक कामासाठी, अमुक लेखाशीर्षाखाली (म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या सदराखाली), 1 एप्रिल ते 31 मार्च या काळात जास्तीत जास्त इतके पैसे काढता येतील, एवढंच ती सांगते. खर्च म्हणजे त्या परवानगीतून कोषागाराबाहेर प्रत्यक्ष गेलेली रक्कम. तरतुदीपेक्षा जास्त पैसे लागले तर सरकारला पुरवणी मागण्या घेऊन पुन्हा सभागृहात यावं लागतं. कमी खर्च झाला तर मात्र कुणाची परवानगी लागत नाही. मंजूर झालेला पैसा शाळेपर्यंत पोचलाच पाहिजे, असं बंधन मंजुरीतून येत नाही.

अर्थसंकल्प संमत झाल्यावर पैशाचा प्रवास लांबलचक असतो. वित्त विभाग 'बीम्स' या संगणक प्रणालीवर टप्प्याटप्प्याने निधी खुला करतो. मग शिक्षण विभाग निधी वितरणाचा शासन निर्णय काढतो. तिथून रक्कम आयुक्तालय आणि संचालनालयातून जिल्हा परिषदेकडे, पंचायत समितीकडे आणि अखेर शाळेच्या खात्यावर जाते. यातल्या कुठल्याही टप्प्यावर पैसा थांबू शकतो. थांबवणाऱ्याला 'कपात केली' असं म्हणावंही लागत नाही. निधी 'उपलब्धतेनुसार' मिळेल एवढं पुरतं.

याचं सगळ्यात उघड उदाहरण 2020 सालचं आहे. त्या वर्षी 6 मार्चला अर्थसंकल्प मांडला गेला. दोनच महिन्यांत, 4 मे 2020 रोजी, वित्त विभागाने शासन निर्णय काढला की विकासाच्या कामांसाठी तरतुदीच्या 33 टक्केच निधी मिळेल. आरोग्यासारखे मोजके विभाग सोडून नव्या नोकरभरतीवरही बंदी आली. कोरोनाने राज्याचा महसूल कोसळला होता, त्यामुळे निर्णयामागची अडचण खरी होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण अर्थसंकल्पाच्या पुस्तकातला आकडा जागचा हलला नाही, हेही तितकंच खरं. विधिमंडळाने संमत केलेल्या आकड्यातून दोन तृतीयांश भाग एका शासन निर्णयाने हातातून काढून घेतला. संकटात हे जाहीरपणे घडलं म्हणून आपल्याला कळलं. एरवी ते विभागाविभागांत, तुकड्या-तुकड्यांनी होतं.

दोन्ही आकडे अर्थसंकल्पाच्या एकाच पुस्तकात असतात, तरी आपण ते शेजारी ठेवून पाहत नाही. कारण काळाचं अंतर. 2025-26 च्या पुस्तकात त्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज असतो, 2024-25 चा मूळ आणि सुधारित अंदाज असतो, आणि प्रत्यक्ष रकमा असतात त्या 2023-24 च्या. म्हणजे एखाद्या वर्षी खरोखर किती खर्च झाला, हे अर्थसंकल्पातून कळायला दोन वर्षं जातात. तोवर तिसरीतलं मूल पाचवीत गेलेलं असतं. वर्तमानपत्रांचा रस नव्या अंदाजात असतो आणि सभागृहातल्या भाषणांचाही. मंजूर पैसा आणि झालेला खर्च यांचा ताळा देणारे विनियोजन लेखे आणि भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक (कॅग) यांचे अहवाल विधिमंडळासमोर येतात, लोकलेखा समिती ते तपासते. कुठल्या मागणीत किती पैसा अखर्चित राहिला आणि मार्चअखेरीस किती परत गेला, हे तिथे लिहिलेलं असतं. ते वाचून मंत्र्याला प्रश्न विचारणारे आमदार फार थोडे, आणि विचारलाच तरी दोन वर्षांपूर्वीच्या खर्चासाठी कुणाची खुर्ची हलत नाही.

पगार वाढतो, शिक्षक कमी होतात

तरतूद दरवर्षी वाढताना दिसते याचं मोठं कारण पगार आहे. शालेय शिक्षणावरच्या राज्याच्या खर्चातला बहुतांश भाग शिक्षक आणि कर्मचाऱ्यांच्या वेतनावर जातो. वेतन आयोग आला, महागाई भत्ता वाढला की आकडा आपोआप फुगतो. त्यासाठी एकही नवी वर्गखोली बांधावी लागत नाही, एकही नवा शिक्षक नेमावा लागत नाही. उलट शिक्षकांची संख्या घटत असतानाही तरतूद वाढू शकते, आणि आपल्याकडे हे घडलेलं आहे.

ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर विशेष पटपडताळणी झाली. अनेक शाळांच्या पटावर बोगस विद्यार्थी सापडले, त्यातून अतिरिक्त शिक्षकांचा प्रश्न पुढे आला आणि मे 2012 मध्ये नव्या शिक्षक भरतीला मनाई झाली. बोगस पट शोधणं आवश्यकच होतं. पण आधी अतिरिक्त शिक्षकांना दुसऱ्या शाळांत सामावून घेणं, मग भरती, असं म्हणता म्हणता वर्षं गेली. शिक्षक भरतीचं 'पवित्र' पोर्टल 2017 मध्ये आलं आणि त्यावरून पहिल्या नेमणुका व्हायला 2019 उजाडलं. या काळात निवृत्त होणारे निवृत्त होत राहिले. डी.एड. करून बसलेली एक अख्खी पिढी वयोमर्यादा ओलांडताना पाहिली आपण.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 26 सांगतं की शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत. हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. पद रिकामं ठेवणं ही मात्र राजकारण्यांसाठी सगळ्यात सोयीची कपात असते. कुणाला काढावं लागत नाही, कुणी मोर्चा काढत नाही, कारण जो नेमलाच गेला नाही तो मोर्चात येणार कुठून? दोन वर्गांना मिळून एक शिक्षक शिकवतो, तक्रार करतो, आणि शिकवतच राहतो.

इथे तरतूद आणि खर्च यांचं नातं आणखी एका बाजूने वाकडं होतं. रिकाम्या पदांवर खर्च होत नाही. पुढच्या वर्षीचा अंदाज तयार करताना मागचा खर्च पाहिला जातो, तो कमी दिसतो, म्हणून तरतूदही तेवढीच धरली जाते. आता दोन्ही आकडे जुळले. हिशेब तपासणाऱ्याला काहीच खटकणार नाही. शाळेतला शिक्षक मात्र दोन्ही आकड्यांतून नाहीसा झालेला असतो. म्हणून केवळ 'तरतुदीच्या किती टक्के खर्च झाला' एवढंच विचारणाऱ्याला 95 टक्के असं समाधानकारक उत्तर मिळू शकतं आणि तरी तो फसलेला असतो. मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हा प्रश्न त्यासोबत विचारावाच लागतो.

आणि मंजूर पदांचा आकडाही स्थिर नसतो. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवण्याचे, निकष बदलले. वीसपेक्षा कमी पट असलेल्या वरच्या वर्गांना शिक्षकच मिळणार नाही अशी वेळ आली, म्हणून शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या. या निर्णयात कुठल्याही रकमेला हात लावलेला नाही. गरज मोजण्याची पट्टीच बदलली. डोंगरातल्या वाडीवर आठवीत अकरा मुलं असतील तर ती अकराच असणार, तिथे वस्तीच तेवढी आहे.

शासन निर्णय निघतो, पैसा निघत नाही

विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांतल्या शिक्षकांना तरतूद आणि खर्च यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. 2001 नंतर राज्याने 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर, म्हणजे सरकारी अनुदान कधीच मागायचं नाही या अटीवर, शाळांना परवानग्या दिल्या. 2009 मध्ये त्यातला 'कायम' शब्द वगळला आणि 2016 पासून 20 टक्क्यांच्या टप्प्यांनी अनुदान देणं सुरू झालं. एकेका टप्प्यासाठी या माणसांनी आझाद मैदानावर दिवस काढले आहेत. विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, 14 ऑक्टोबर 2024 रोजी, वाढीव टप्प्याचा शासन निर्णय निघाला. पण पुढच्या मार्चच्या अर्थसंकल्पात त्यासाठी पैसे ठेवलेले नव्हते, म्हणून जुलै 2025 मध्ये हजारो शिक्षक भर पावसात पुन्हा मुंबईत आले. तेव्हा कुठे निधीची हालचाल झाली.

इथे तर खर्च दूरच, तरतूदही नव्हती. होता तो निर्णय, आणि निवडणुकीत मोजला गेला तो निर्णयच. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, हा क्रम मला अन्यायकारक वाटतो. वर्गात उभ्या असलेल्या माणसाला त्याचा मंजूर पगार मागण्यासाठी वर्ग सोडावा लागतो, आणि त्या दिवसांत मुलांचं शिकणं थांबतं.

केंद्र आणि राज्य यांच्यातही हेच होतं. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत, गेलं. 2018 पासूनच्या समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या केंद्रीय योजनेत बहुतेक राज्यांसाठी केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के आहे. तामिळनाडूने पीएम श्री या केंद्राच्या दुसऱ्या शाळा योजनेच्या करारावर सही केली नाही. तेव्हा 2024-25 चा त्या राज्याचा समग्र शिक्षेचा सुमारे ₹2,152 कोटींचा केंद्रीय हिस्सा अडकला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. धोरणावरचं भांडण दोन सरकारांचं, अडकलेला पैसा मुलांचा.

राज्याच्या आतही पैसा वळतो. जुलै 2024 पासून महिलांना दरमहा ₹1,500 देणारी लाडकी बहीण योजना सुरू झाली. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांच्या निधीतली रक्कम तिच्याकडे वळवली गेली, तेव्हा सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. आश्रमशाळा, वसतिगृहं, मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या याच विभागांकडे असतात. गरीब घरातल्या बाईच्या हातात पैसा येणं मला मोलाचं वाटतं. पण तो तिच्याच मुलीच्या वसतिगृहाच्या विभागातून उचलला जाणार असेल, तर तसं सभागृहात उघडपणे सांगून, चर्चा करून झालं पाहिजे.

खर्च झाला, तरी पोचला का?

उलट बाजूही आहे, आणि ती टाळून चालणार नाही. खर्चाचा आकडा तरतुदीपेक्षा खरा असला तरी तो अखेरचा नाही. राज्याकडून जिल्हा परिषदेला पैसे गेले की राज्याच्या वहीत तो खर्च ठरतो. जिल्हा परिषदेला ते वापरायला पुढचं वर्षही मिळतं. वहीत खर्च, बँकेत शिल्लक आणि शाळेचं छत गळकं, असं एकाच वेळी असू शकतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोषागारात बिलांची जी झुंबड उडते, तीही खर्चाच्या आकड्यात भर घालते. वर्षभर ज्या वस्तूंची गरज होती त्या वर्ष संपताना घेतल्या जातात.

2024-25 मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' योजनेखाली गणवेशाचं काम शाळांकडून काढून कापडाची खरेदी राज्यपातळीवर नेली आणि शिलाई बचत गटांना दिली. कित्येक शाळांत स्वातंत्र्यदिन गणवेशाविना गेला, आले ते अनेकांना मापात बसेनात. डिसेंबर 2024 मध्ये सरकारने हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. पैसा होता, तो कुणी आणि कधी खर्च करायचा हा निर्णय चुकला होता.

शाळेच्या पातळीवर तरतूद आणि खर्च ताडून पाहायला संयुक्त शाळा अनुदान सगळ्यात सोपं. समग्र शिक्षेच्या निकषांनुसार ते पटावर ठरतं: 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला ₹10,000, 100 पर्यंत ₹25,000, 250 पर्यंत ₹50,000. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता, सगळं यातून भागवायचं. आकडा ठरलेला आहे, त्यामुळे पूर्ण आलं की अर्धं, जूनमध्ये आलं की फेब्रुवारीत, हे कुठल्याही पालकाला मुख्याध्यापकांकडून पासबुक पाहून पाच मिनिटांत कळतं.

आणि हे विचारण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि सरकारकडून आलेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं हे समितीचं नेमून दिलेलं काम आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तीन ओळी घालायला सांगा. या वर्षी आपल्या शाळेला किती मंजूर होतं, किती आणि कोणत्या तारखेला जमा झालं, आणि मंजूर शिक्षकांपैकी आज हजर किती. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या, आणि त्या इतिवृत्ताची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना व तुमच्या मतदारसंघाच्या आमदारांना पाठवा, अधिवेशनाच्या आधी.