चार ओहमचा स्पीकर आणि ‘मॅचिंग’ हा जुना शब्द

रिसीव्हरच्या, म्हणजे घरातले सगळे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या खोक्याच्या पाठीमागे, स्पीकरच्या वायरी जिथे खोचतात तिथे, बारीक अक्षरांत ‘६ ते १६ ओहम’ असं छापलेलं असतं. ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप. हातात ४ ओहमची जोडी असली की माणूस तिथेच अडखळतो: हे मॅच होईल का? शंका रास्त आहे. पण ‘मॅच’ हा शब्द व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांच्या) जमान्यातला, आणि निम्मा घोळ त्यानेच घातलाय.

व्हॉल्व्हला हजारो ओहमचा भार लागतो, स्पीकरची कॉइल मात्र जेमतेम काही ओहमची. म्हणून दोघांच्या मधे आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसायचा. ॲम्प्लिफायरच्या मागच्या पट्टीवर स्क्रू आणि शेजारी आकडे: ४, ८, १६. स्पीकर जितक्या ओहमचा, तितक्या स्क्रूखाली तार आवळायची. ही खरीखुरी जुळवणी होती, आणि ४ ओहमच्या स्पीकरचं तेव्हा कुणाला फारसं भय नव्हतं.

१९६०च्या दशकात ट्रान्झिस्टर आले आणि हा जड, महागडा ट्रान्सफॉर्मर गेला. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स (बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा एकूण अडथळा) बहुधा ओहमच्या दशांशाच्या आसपास किंवा त्याहून कमी, म्हणजे त्याच्याशी ‘मॅच’ करण्यासारखं काही उरलंच नाही. तो व्होल्टेज देतो, करंट किती ओढायचा ते स्पीकर ठरवतो. ८ ओहमवर १०० वॉट म्हणजे साधारण २८ व्होल्ट आणि साडेतीन अँपिअर. तेच २८ व्होल्ट ४ ओहमवर दिले की सात अँपिअर, २०० वॉट. पूर्वी ट्रान्सफॉर्मर झेलायचा तो भार आता थेट ट्रान्झिस्टरच्या अंगावर.

नेमके याच सुमारास ४ ओहमचे स्पीकर लोकप्रिय होत होते. एडगर विल्चर यांनी १९५४मध्ये अकूस्टिक रिसर्च कंपनीतर्फे एक छोटी हवाबंद पेटी बाजारात आणली. तिच्यातून खोल बास निघे, पण कार्यक्षमता कमी, वॉट भरपूर लागत. कंपनीचा पुढचा एआर-३ आणि नंतरचा एआर-३ए हे दोन्ही ४ ओहमचे. सुरुवातीच्या ट्रान्झिस्टरांना असा भार जड जाई.

तरीही कमी ओहमची ओढ सुटली नाही, आणि त्यात थोडी चलाखीही आहे. स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर तो किती मोठा वाजतो ते, बहुधा २.८३ व्होल्टवर मोजतात. ८ ओहमवर तो १ वॉट होतो, ४ ओहमवर २. कागदावर ३ डेसिबल फुकट! शिवाय आठ-आठ ओहमचे दोन वूफर (बास वाजवणारे मोठे ड्रायव्हर) समांतर जोडले की आपोआप ४ उरतात. म्हणूनच उंच टॉवर स्पीकर बऱ्याचदा ४ ओहमचे निघतात.

छापील आकड्याचंही फार मनावर घेऊ नये. ‘८ ओहम’च्या स्पीकरला मल्टिमीटर लावा, साधारण ६ दिसतील, कारण तो फक्त कॉइलच्या तारेचा रोध. खरा इम्पिडन्स फ्रिक्वेन्सीगणिक वरखाली होतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८चा ६.४ आणि ४चा ३.२. हे सगळेच पाळतात असं नाही.

१९७४मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने वॉटच्या जाहिरातींना शिस्त लावली. मोजणीआधी ॲम्प्लिफायर तासभर एक तृतीयांश पॉवरवर चालवायचा असा दंडक होता. क्लास एबी हा नेहमीच्या जडणघडणीचा ॲम्प्लिफायर जवळपास तिथेच सर्वाधिक तापतो, ४ ओहमवर तर दुप्पट. मग ८ ओहमचाच आकडा छापणं कंपन्यांना सोयीचं झालं. पुढे २०००मध्ये ही अट एक अष्टमांशावर आली.

तोवर सिनेमाचा सभोवती घुमणारा आवाज घरी आणणारं डॉल्बी प्रो लॉजिक (१९८७) आणि डीव्हीडी (जपानमध्ये १९९६) येऊन एका खोक्यात पाच चॅनल शिरले होते, तेही बहुधा एकाच पॉवर ट्रान्सफॉर्मरवर. ‘प्रत्येकी १०० वॉट’ या दाव्याखाली तळटीप असते: दोन चॅनल चालू असताना. पाचही चॅनल ४ ओहमवर जोरात चालवले तर हिशेब हजार वॉटवर जातो. एवढा दम त्या खोक्यात नसतो. सिनेमातल्या दणदणीत दृश्यात आतला रिले (स्पीकर तोडणारा आपोआप चालणारा स्विच) ‘खट्’ करतो, आवाज जातो, पडद्यावर ‘प्रोटेक्ट’ उमटतं.

मेनूमधला ४/८ ओहमचा पर्याय व्हॉल्व्हच्या स्क्रूंसारखा दिसतो, पण तो काहीच जुळवत नाही. बहुतेक रिसीव्हरांत तो आतलं व्होल्टेज कमी करतो, म्हणजे तापणं घटतं आणि आवाज लवकर फाटू लागतो. माझ्या मते स्पीकरचा इम्पिडन्स कुठे, कितपत खाली जातो हे पाहणं जास्त उपयोगाचं. खड्डा ८० हर्ट्झच्या खाली असेल तर बास सबवूफरकडे वळवल्यावर रिसीव्हरला हायसं वाटतं. तो दीडशे-दोनशे हर्ट्झवर असेल तर प्री-आउटमधून (रिसीव्हरच्या मागच्या, वेगळ्या ॲम्प्लिफायरला सिग्नल देणाऱ्या जोडणीतून) पुढच्या जोडीला वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर द्यावा. रिसीव्हरचा ट्रान्सफॉर्मर मग उरलेल्या चॅनलांपुरताच राबतो.