आयव्हरमेक्टिन फक्त ढोरांचं औषध नाही

निफाड-सिन्नरकडच्या गोठ्यांत आयव्हरमेक्टिन हे जंत-गोचिडांवरचं औषध ओळखीचं. त्यामुळे ‘ढोरांचं औषध माणसांच्या माथी मारतात’ हा समज नाशिककडे बरीच वर्षं टिकून आहे. तो चुकीचा आहे. जपानच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं हे औषध १९८१ च्या सुमारास आधी जनावरांसाठी आलं, हे खरं. पण आफ्रिकेतल्या रिव्हर ब्लाइंडनेसवर, म्हणजे माणसाला आंधळं करणाऱ्या कृमीरोगावर, रीतसर चाचण्या होऊन १९८७ मध्ये ते माणसांसाठी मंजूर झालं. ओमुरा आणि कॅम्पबेल या शास्त्रज्ञांना २०१५ चं नोबेल मिळालं ते याच शोधासाठी.

गरिबांच्या आजारांवर शून्यापासून औषध शोधायला पैसा लावणारे फार थोडे, म्हणून संशोधक पशुवैद्यकातली औषधं मुद्दाम तपासतात. मॉक्सिडेक्टिन हे जनावरांचं औषध तसंच २०१८ मध्ये माणसांच्या रिव्हर ब्लाइंडनेसवर मंजूर झालं. गोठ्यातली बाटली मात्र स्वतः घेऊ नका. तिची मात्रा गुराच्या वजनासाठी असते.