शेवटचा तुकडा आधी

एका मोठ्या फाइलचे पाच तुकडे उतरवून घेतले होते. नाव सगळ्यांचं एकच, शेपट्या (नावातल्या टिंबानंतरची अक्षरं) तेवढ्या वेगळ्या: झेड०१, झेड०२, झेड०३, झेड०४ आणि शेवटी नुसतं झिप. मी अर्थातच झेड०१ वर डबल-क्लिक केलं. ‘ही फाइल कशात उघडू?’ असं संगणकानेच मला उलट विचारलं. फाइल खराब आहे असं धरून मी सगळं पुन्हा उतरवलं. खराब काहीच नव्हतं, मी चुकीचं दार ठोठावत होतो.

झिप म्हणजे अनेक फाइली दाबून, म्हणजे आकार कमी करून, एकात बांधलेलं गाठोडं. प्रोग्रामर फिल कॅट्झने १९८९ मध्ये आणलेल्या या झिपमध्ये अनुक्रमणिका पुस्तकाच्या शेवटी असते. आतली कुठली फाइल नेमकी कुठे पडली आहे, हे सगळं लिहून झाल्यावरच कळतं, म्हणून यादी शेवटी. तुकडे केले तर ती शेवटच्या तुकड्यात जाते, आणि झिप हे नाव त्याच तुकड्याला मिळतं. १.४४ एमबीच्या फ्लॉपींच्या काळात तर संगणक आधी शेवटचीच फ्लॉपी मागायचा. तेव्हा पाचही तुकडे एका फोल्डरमध्ये ठेवायचे, नावांना हात लावायचा नाही आणि झिप शेपटीचा उघडायचा.

मधलाच एखादा तुकडा का उघडत नाही? आकार कमी करण्याची युक्तीच तशी आहे. झिपमध्ये पुन्हा आलेला मजकूर पुन्हा लिहीत नाहीत. ‘४०० बाइट मागे जा, तिथली १२ अक्षरं उचल’ एवढी सूचना लिहितात. हे मागे पाहणं ३२ केबीपर्यंत चालतं. तुकडा तोडताना कात्री अशा सूचनांच्या मधूनही फिरते. मग ‘मागे जा’ म्हटलं तरी मागे काहीच नसतं.

सेव्हनझेड या झिपसारख्याच दुसऱ्या प्रकाराची गोष्ट वेगळी. तिथेही यादी शेवटीच, पण पहिल्या ३२ बाइटांत तिचा पत्ता असतो. तुकड्यांच्या शेपट्या ००१, ००२ अशा असतात, म्हणून ००१ उघडायचा, पुढचे तुकडे प्रोग्राम स्वतः शोधतो. हे तुकडे म्हणजे सुरीने कापलेले सरळ काप. एकामागे एक जोडले की मूळ फाइल जशीच्या तशी तयार. विंडोजच्या कॉपी कमांडने जोडत असाल तर ‘/बी’ विसरू नका. ते नसेल तर कमांड तुकड्यांना साधा मजकूर समजते आणि २६ क्रमांकाचा बाइट भेटला की ‘मजकूर संपला’ म्हणून थांबते. दाबलेल्या फाइलीत तो बाइट ठिकठिकाणी सापडतो.

झिपचे तुकडे असे चिकटवून भागत नाही. यादीतले पत्ते ‘तिसरा तुकडा, अमुक बाइट’ अशा भाषेत असतात, आणि जोडल्यावर तिसरा तुकडा असा काही उरतच नाही. पत्ते नव्याने लिहावे लागतात. लिनक्सवरची झिप कमांड ‘-एस ०’ सांगितलं की हे करते आणि एकसंध झिप देते. रार हा असाच तिसरा प्रकार. त्याच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचं मुखपृष्ठ असतं, त्यामुळे तिथेही चिकटवाचिकटवी नाही. पार्ट१ उघडायचा, जुन्या पद्धतीत आर०० च्या आधीचा नुसता रार. रारचं झिप करायचं असेल तर सगळं बाहेर काढून पुन्हा दाबणं हाच मार्ग. शेपटी बदलून रूपांतर होत नाही, हा प्रयोग मीही करून बसलोय.

एवढं करूनही ‘सीआरसी’ची, म्हणजे मजकूर शाबूत आहे का हे तपासणाऱ्या आकड्याची, चूक आली, तर आधी आकार बघा. सहसा शेवटचा सोडून सगळे तुकडे बाइटाला बाइट सारखे असतात. जो कमी भरतो तो अर्धवट उतरलेला, तेवढाच पुन्हा आणायचा. तो मिळतच नसेल तर झिपमधून काही फाइली तरी वाचू शकतात, कारण तिथे प्रत्येक फाइल स्वतंत्र दाबलेली असते. सेव्हनझेडमध्ये बहुधा अनेक फाइली एका दमात दाबतात, तिथे एक गळली की तिच्या मागच्याही जातात.