पंख्यावर बोला, मागावर नको

नागपुरात गांधीसागर तलावाजवळ आज मॉल उभा आहे, तिथं सव्वाशे वर्षं एम्प्रेस मिलचा भोंगा वाजत होता. जमशेदजी टाटांनी ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली आणि त्याच वर्षी मजुरीच्या दरावरून इथल्या कामगारांनी संप केला. भारतातल्या नोंद झालेल्या अगदी सुरुवातीच्या संपांत तो मोजला जातो.

पुढे या गिरणीनं दिलं मात्र पुष्कळ. १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. भरपाईचा कायदा देशात आला तो १९२३ मध्ये, म्हणजे गिरणी त्याच्या २८ वर्षं पुढे होती. पण देणं वेगळं आणि विचारणं वेगळं. खात्यात काय बिघडतंय, काम कुठे अडतंय, हे रोज बघणाऱ्यालाच विचारायचं, ही कल्पना रुजायला बराच वेळ लागला.

१९२० च्या सुमारास जमशेदपूरला आणि १९२२ मध्ये मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलमध्ये वर्क्स कमिट्या निघाल्या, म्हणजे मालक आणि कामगार दोघांचे प्रतिनिधी एकत्र बसतात अशा समित्या. १९३१ मध्ये कामगारांच्या प्रश्नांवरच्या रॉयल कमिशननं त्यांची शिफारस केली. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानं १०० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी अशी कमिटी नेमायला लावण्याचा अधिकार सरकारला दिला. कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत, हेही त्यात आलं. काम काय, तर सलोखा राखायचा आणि दोघांच्या हिताच्या बाबींवर मत द्यायचं. निर्णय मालकाचाच.

खरी गोम पुढे आहे. या कमिट्यांनी बोलायचं कशावर, याची यादी १९५९ च्या भारतीय श्रम परिषदेतून निघाली. हवा, उजेड, पिण्याचं पाणी, कॅन्टीन, सणाच्या सुट्ट्या, सुरक्षितता हे चालेल. पगार, बोनस, कामाचा बोजा, यंत्रांची फेररचना हे नाही. थोडक्यात, पंख्यावर बोला, मागावर नको.

हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात काही वर्षं मी या बैठकांचं रजिस्टर लिहिलं. पानंच्या पानं कॅन्टीनच्या पोह्यांवर भरली. तर्री पातळ, हा विषय लागोपाठ चार महिने होता. त्याच काळात एका ऑपरेटरनं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून मशीनच्या गार्डखाली बसवली होती आणि थरथर थांबली होती. बैठकीत का नाही सांगितलं, असं विचारल्यावर म्हणाला, "आमाले कोन विचारलं भाऊ?"

असं ज्ञान गोळा करायची रीत जपाननं १९६२ पासून क्वालिटी सर्कलच्या रूपानं बसवली. एकाच खात्यातली मोजकी माणसं आठवड्याला तासभर बसतात, अडचण स्वतः निवडतात, मोजतात आणि उपाय करून बघतात. आपल्याकडे १९८० च्या सुमारास हैदराबादच्या भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) या सरकारी कंपनीच्या कारखान्यात हे सुरू झालं. नागपूरच्या भोवतालच्या कोळसा खाणींत सुरक्षा समित्यांत कामगार बसतात, पण तिथं छप्पर डोक्यावर येण्याची भीती असते. ऐकून न घेणं परवडत नाही.

दिल्लीत मात्र योजनांवर योजना आल्या. १९५८ च्या संयुक्त व्यवस्थापन परिषदा, १९७५ च्या शॉप कौन्सिल, म्हणजे खात्याखात्यातल्या परिषदा. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीनं कलम ४३अ घातलं आणि व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याचं धोरण ठरलं. पण ते मार्गदर्शक तत्त्व, कोर्टात मागता येत नाही. त्याला दात द्यायला १९९० मध्ये राज्यसभेत विधेयक आलं, ते मंजूर झालं नाही.

१९४७ च्या कायद्याच्या जागी नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. वर्क्स कमिटी तिच्यातही आहे. कामगारांचा आकडा तोच, १००, आणि काम तेच: सलोखा राखणं आणि मत देणं.