इटलीत सायकल म्हणजे चढच?

‘इटलीत सायकल म्हणजे चढ, आणि द्राक्षमळे बघायचे तर टेकड्या चढाव्याच लागणार.’ हा समज वर्षानुवर्षे फिरतोय आणि त्यापायी कितीतरी जण बेत रद्द करतात. तो चुकीचा आहे. उत्तर इटलीतल्या पो नदीचं खोरं पहा. फेरारा जिल्ह्यात उजव्या काठच्या बांधावरून सुमारे 120 किलोमीटरचा सपाट सायकलमार्ग जातो. गार्डा सरोवरावरच्या पेस्किएरापासून मिंचो नदीकाठाने मांतोवा शहर सुमारे 45 किलोमीटर. आणि मळे? मोदेनाजवळ सेक्किया आणि पानारो या नद्यांमधल्या सपाट गाळाच्या जमिनीतच सोर्बारा गावाच्या नावाची लांब्रुस्को ही वाइनची द्राक्षं पिकतात! खरी कसोटी उन्हाची: बांधावर सावली नाही, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पहाटेच निघा, पाणी भरपूर घ्या.