निपा आलाय आणि केरळचं बुकिंग झालंय, जायचं की नाही?

केरळात निपा व्हायरसची एखादी केस आली की दोन दिवसांत फॅमिली ग्रुपवर हाच एक प्रश्न फिरायला लागतो. मुन्नार-थेक्कडी-अलेप्पीचं पॅकेज भरून झालेलं असतं, नेत्रावती एक्सप्रेसची नाहीतर फ्लाइटची तिकिटं कन्फर्म असतात, आणि टीव्हीवर खाली लाल पट्टी पळत असते की मृत्युदर ७५ टक्के. मग एखादे काका म्हणतात पैसे गेले तर गेले, जीव महत्त्वाचा, आणि एखादा मेहुणा म्हणतो काही होत नाही हो, आपण काय वटवाघळं खायला चाललोय का. दोघंही हिरिरीने भांडतात पण चुकीच्या आकड्यावर भांडतात.

लागण झालेल्यांपैकी किती जण दगावतात, हा आकडा डॉक्टरांसाठी फार महत्त्वाचा, पण तुम्हाला तिकडे जायचं की नाही हे ठरवायला तो जवळपास बिनकामाचा आहे. रेबीजचंच घ्या ना. लक्षणं एकदा सुरू झाली की रेबीजमध्ये पेशंट वाचत नाही असंच धरतात, म्हणजे निपापेक्षाही भयंकर, आणि भटकी कुत्री तर आपल्या प्रत्येक गावात आहेत. तरी रेबीज आहे म्हणून कोणी नाशिकला जायचं कॅन्सल केल्याचं ऐकलंय? नाही, कारण पिसाळलेलं जनावर चावल्या-ओरखडल्याशिवाय तो येत नाही हे आपल्याला पक्कं माहितीये. म्हणजे खरा प्रश्न हा की हा व्हायरस माझ्यापर्यंत पोचणार कसा, आणि मी तिथे जाऊन जे करणार आहे त्यात ती वाट कुठे लागते का.

निपाची वाट बरीच अभ्यासलेली आहे. १९९८-९९ मध्ये मलेशियात हा पहिल्यांदा सापडला, सुंगाई निपा नावाच्या गावावरून त्याचं नाव पडलं. तिथे तो फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांकडून डुकरांत गेला आणि डुकरांकडून ती पाळणाऱ्या माणसांत, २६५ जणांना लागण झाली, १०५ गेले, आणि साथ थांबवायला दहा लाखाच्या आसपास डुकरं मारावी लागली. बांगलादेशात डुकरांचा काही संबंध नाही, तिथे खजुरीच्या झाडाचा कच्चा रस गोळा करायला रात्री मडकी लावतात, त्यात वटवाघळं तोंड घालतात, मुततात, आणि सकाळी तोच रस माणसं ताजा ताजा पितात. केरळात वटवाघळांमध्ये व्हायरस सापडलाय हे नक्की, पण २०१८ च्या पहिल्या पेशंटला तो नेमका कुठल्या वाटेने मिळाला हे सिद्ध झालेलं नाही. आणि हो, वटवाघळांचंच म्हणाल तर आपल्या महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांतही पुण्याच्या एनआयव्हीला, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला, निपाच्या खुणा मिळाल्या होत्या. नमुने २०२० चे आणि बातमी आली २०२१ मध्ये. स्ट्रॉबेरी खायला जायचं कोणी थांबलं नाही, आणि थांबायची गरजही नव्हती, कारण वटवाघळात व्हायरस असणं वेगळं आणि तो माणसात उडी मारणं वेगळं.

पण माणसात आल्यावर पुढे काय? इथे २०१८ चं कोझिकोड नीट बघण्यासारखं आहे.

पेरांब्रा हा कोझिकोड जिल्ह्यातलाच भाग. तिथल्या एका तरुणाला मे महिन्याच्या सुरुवातीला ताप आला, आधी तालुक्याच्या हॉस्पिटलात ठेवलं, मग कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजला नेलं. काय झालंय हे तेव्हा कोणालाच माहिती नव्हतं. तिथे सीटी स्कॅनच्या बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये तो होता, खोकत होता, आजूबाजूला दुसऱ्या पेशंटचे नातेवाईक बसलेले, येणारे-जाणारे, वॉर्डबॉय, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी हॉस्पिटलात दुपारी अकरा-बाराला जे दृश्य असतं अगदी तेच. तो गेला, त्याची टेस्टही झाली नाही. दोन आठवड्यांनी त्याच घरातला दुसरा माणूस तशाच लक्षणांनी कोझिकोडच्याच एका खासगी हॉस्पिटलात आल्यावर तिथल्या डॉक्टरांना शंका आली, मणिपालच्या लॅबला नमुने गेले, पुण्याच्या एनआयव्हीने शिक्कामोर्तब केलं. नंतर साखळी जोडत मागे गेले तेव्हा कळलं की त्या एका तरुणाकडून कितीतरी जणांना लागण झाली होती, आणि बहुतेकांना हॉस्पिटलच्या आवारातच. पेरांब्राच्या हॉस्पिटलात त्याची सेवा करणारी नर्स लिनी २१ मे ला गेली. एकूण २३ जणांची साथ धरली जाते, त्यातले दोनच वाचले.

आता याच गोष्टीकडे प्रवाशाच्या नजरेने बघा. २०११ च्या जनगणनेत कोझिकोड जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाखाच्या वर होती. त्या पेशंटना घरी, रिक्षात, अँब्युलन्समध्ये नेताना-आणताना आजूबाजूला किती माणसं आली असतील, आणि तरीही व्हायरस बाजारात पसरला नाही, बसमध्ये पसरला नाही, बीचवर तर नाहीच नाही. तो गेला पेशंटच्या उशाशी बसणाऱ्यांकडे आणि हॉस्पिटलच्या गर्दीत त्याच्या खोकल्याच्या टप्प्यात आलेल्यांकडे. २००१ मध्ये पश्चिम बंगालच्या सिलिगुडीत हेच झालं होतं, ६६ पेशंट, ४५ मृत्यू, आणि बहुतेकांचा धागा हॉस्पिटलशी. २०२३ मध्ये कोझिकोडलाच पुन्हा साथ आली तेव्हा संपर्कातल्यांची यादी हजाराच्या वर गेली, पण लागण किती जणांना? सहा. त्यातले दोघं गेले. सहाही जण एकाच पहिल्या पेशंटच्या साखळीतले, म्हणजे घरचे किंवा हॉस्पिटलात जवळ आलेले.

याचा सगळ्यात सुंदर हिशोब बांगलादेशातून आलेला आहे. तिथे २००१ ते २०१४ मधले २४८ पेशंट तपासले तर त्यातल्या ८२ जणांना दुसऱ्या माणसाकडून लागण झालेली, म्हणजे सरासरी एक पेशंट पुढे ०.३३ माणसांना देतो. हा आकडा १ च्या वर असला तर साथ वाढत जाते, खाली असला तर ओल्या सरपणासारखं, जाळाजवळचं थोडं धुमसतं आणि विझतं. शंभर पेशंट असतील तर पुढच्या फेरीत ३३, मग ११, मग तीन-चार, संपलं. अजून आत गेलात तर आणखी मजेशीर दिसतं. पेशंटच्या जोडीदारांपैकी, म्हणजे नवरा किंवा बायकोपैकी, १४ टक्क्यांना लागण झाली, घरातल्या बाकी जवळच्या माणसांत १.३ टक्के, आणि इतर संपर्कातल्यांत ०.९ टक्के. म्हणजे एकाच घरात राहूनसुद्धा, शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांना काही झालं नाही! बायको तोंड पुसते, उलटी काढते, रात्रभर शेजारी बसते, तिला धोका. पाहुणा येतो, दारातून बघतो, चहा पिऊन जातो, त्याला जवळपास नाही. हो, सगळे पेशंट सारखे नसतात, वय ४५ च्या वर आणि धाप लागलेली असेल तर तो एकटा पेशंट सरासरी एकापेक्षा थोड्या जास्त जणांना देतो असं त्याच अभ्यासात निघालं. पेरांब्राचा तरुण वयाने लहान होता तरी त्याने कितीतरी जणांना दिला, त्यामुळे सरासरीवर डोळे मिटून विसंबायचं नसतं, पण वाट तीच राहते, खोकला, लाळ, आणि जवळीक.

कोविडचं तंत्र बरोबर उलटं होतं म्हणून तर आपण सगळे फसलो. त्यात माणूस धडधाकट फिरत असताना, स्वतःला काही व्हायच्या आधीच दुसऱ्याला देत होता. मृत्युदर निपाच्या मानाने किरकोळ, पण ट्रेनचा डबा, लग्नाचा हॉल, सगळीकडे वाट मोकळी. निपाचा पेशंट जेव्हा खरा धोकादायक होतो तेव्हा तो बिछान्यात असतो, अलेप्पीच्या हाउसबोटीवर तुमच्या शेजारी फोटो काढत नसतो. साथीच्या काळात बॉर्डरवर कपाळाला थर्मामीटरची बंदूक लावतात ना, तिचा उपयोगही म्हणून मर्यादितच. लागण झाल्यापासून लक्षणं यायला साधारण ४ ते १४ दिवस लागतात, त्या मधल्या माणसाला ताप नसतोच, आणि ज्याला ताप आहे त्याला शंभरातल्या नव्याण्णव वेळा दुसरंच काहीतरी असतं.

काही साथींत मात्र व्हायरसपेक्षा जाणारा कोण आहे यावर सगळं ठरतं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या वेळी डासांमधून पसरणारा झिका व्हायरस जोरात होता. दीडशेच्या आसपास तज्ज्ञांनी जाहीर पत्र लिहिलं की स्पर्धा पुढे ढकला नाहीतर हलवा, रोरी मॅकिलरॉयसारख्या गोल्फरने झिकाचं कारण देऊन नाव मागे घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेने नाही म्हटलं. त्यांच्या बाजूने दोन गोष्टी होत्या, एक म्हणजे ऑगस्ट हा रिओचा हिवाळा, डास कमी, आणि दुसरी म्हणजे झिका असलेल्या देशांत एरवी जेवढी माणसं येतात-जातात त्यात ऑलिंपिकची गर्दी पाव टक्क्याहूनही कमी. स्पर्धा झाली आणि खेळाडू-प्रेक्षकांत झिकाची एकही पक्की केस नोंदली गेली नाही. पण गरोदर बायकांना मात्र तेव्हाही स्पष्ट सांगितलं होतं की जाऊ नका, आणि ते शंभर टक्के बरोबर होतं, कारण झिका मोठ्या माणसाला जेमतेम अंगावर पुरळ आणतो, बहुतेकांना तर तेवढंही नाही, पण पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटवतो. २०२४ च्या जूनपासून पुण्यात एरंडवणे, मुंढवा भागात झिकाचे पेशंट निघाले तेव्हा हाच नियम लागू होता. साठीच्या आजोबांनी लक्ष्मी रोडला यायला काहीच हरकत नव्हती, तिसऱ्या महिन्यातल्या सुनेने बाळंतपणापर्यंत दुसरीकडे राहिलं तर ते शहाणपणाचं होतं. एकच शहर, एकच व्हायरस, घरातल्या दोघांसाठी उत्तरं वेगळी. आणि झिका वीर्यात बरेच दिवस राहतो म्हणून अशा भागातून आल्यावर पुरुषांनी तीन महिने आणि बायकांनी दोन महिने मूल होऊ देण्याचा विचार थांबवावा असं सांगतात, हे लग्नानंतरच्या ट्रिपवाल्यांना कोणी सांगतच नाही.

तर मग केरळ. नकाशा उघडा आधी. निपाच्या बहुतेक केसेस आजवर कोझिकोड आणि मलप्पुरम या उत्तरेकडच्या जिल्ह्यांत आल्यात, २०१९ ची एक एर्नाकुलमची होती आणि तो मुलगा वाचला, अलीकडे पालक्काडचंही नाव आलंय. कोझिकोडपासून मुन्नार अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. साथ मलप्पुरमच्या दोन-चार वॉर्डांत आणि आपण थेक्कडीचं कॅन्सल करतोय, हे म्हणजे चंद्रपुरात काहीतरी झालं म्हणून गणपतीपुळ्याला न जाण्यासारखं आहे. माझं सरळ मत, हौसेच्या फिरण्यासाठी जायला हरकत नाही, फक्त ज्या वॉर्डांना कंटेनमेंट लावलंय तिथे शिरू नका, आणि झाडाखाली पडलेलं, उष्टं दिसणारं फळ किंवा उघड्या मडक्यातली ताजी ताडी तोंडाला लावू नका. सोलून खायचं केळं धुवून खा, त्यात काही नाही. २०१८ मध्ये यूएई आणि बहरीनने केरळची फळं-भाज्याच बंद केल्या होत्या, तेवढं घाबरायचं कारण पर्यटकाला नाही.

ज्यांनी खरंच दहा वेळा विचार करावा ते वेगळे लोक आहेत आणि ग्रुपवर त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. सांगलीतल्या खानापूर-विट्याकडची कितीतरी घरं सोन्याच्या गलाईच्या, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या, धंद्यात केरळात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. समजा त्यातला एखादा चुलता साथीच्या भागातल्या हॉस्पिटलात अॅडमिट आहे, निपा नाही, साधं हर्नियाचं ऑपरेशन, आणि गावाकडून दोघं-तिघं भेटायला निघालेत. हा प्रवास बीचपेक्षा जोखमीचा आहे, कारण निपाची वाट हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून जाते. अशा वेळी एकानेच जावं, मास्क लावून, आणि बाकीच्यांनी फोनवर बोलावं. भेटायला नाही आले म्हणून रुसणारे रुसू देत.

पर्यटकाची खरी डोकेदुखी तर तिसरीच असते. पावसाळ्यात केरळात फिरताना तुम्हाला डेंग्यू किंवा साधा फ्लू होण्याची शक्यता निपापेक्षा कितीतरी पटीने जास्त आहे, आणि साथीच्या आठवड्यात नको त्या जिल्ह्यात १०२ ताप घेऊन दवाखान्यात गेलात तर तुम्हाला वेगळं ठेवतील, नमुना पाठवतील, रिपोर्ट येईपर्यंत परतीची गाडी निघून जाईल. संपर्काच्या यादीत नाव आलं तर २१ दिवस एका जागी, तेही हॉटेलच्या भाड्यासकट. सोबत ऐंशीच्या आजी आणि दोन वर्षांचं पोर असेल, किंवा सुट्टी मोजून मिळालेली असेल, तर या कारणासाठी ट्रिप पुढे ढकलणं मला पटतं. इन्शुरन्स काढला असेल तर पॉलिसी वाचा, भीतीपोटी स्वतःहून कॅन्सल केलेलं बऱ्याच पॉलिसींत धरत नाहीत.

आणि जाऊन आलात, दोन-तीन आठवड्यांच्या आत ताप आला, त्यात डोकं जड, बोलणं असंबद्ध किंवा धाप असं काही असेल, तर थेट दवाखान्याच्या वेटिंगमध्ये जाऊन बसू नका. आधी फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की केरळात अमुक जिल्ह्यात होतो, अमुक तारखेला परत आलो, हॉस्पिटलात गेलो होतो किंवा नव्हतो. आपल्याकडचे डॉक्टर पावसाळ्यात तापाला आधी डेंग्यू-मलेरियाच बघतात आणि ते बरोबरच आहे, पण हे एक वाक्य कानावर पडलं तर ते तुम्हाला गर्दीत बसवणार नाहीत, आणि नमुना पाठवायचा ठरला तर तपासणी करणारी एनआयव्ही इथे पुण्यातच आहे.